खुरप्याचा बंगला

जालन्यात आमच्या घरामागं दोन गुंठ्यांची परसबाग आहे. तीत चार मोसंब्या, एक कढीपत्ता, मेथीचे वाफे आणि हरवलेली अवजारं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय; माझ्या चार झाडांना ती बातमी अजून पोचलेली नाही. अवजारांचं म्हणाल तर आधी विळा गेला, मग कुदळ दांड्यासकट गेली, आणि गेल्या पावसाळ्यात वडिलांचं खुरपं.

"अहो, कुदळ हरवतेच कशी?" बायकोनं विचारलं.

यावर गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "आपण अवजारांना खोलीच बांधू."

वहीभर आराखडे झाले. पहिल्यात खिडकी होती. ("खुरप्याला उकडतं का?" बायको.) दुसऱ्यात बाहेर ओटा आला, तिसऱ्यात ओट्यावर चहा पीत बसलेला मी. मिस्त्रीनं वही उघडलीसुद्धा नाही. "पत्रा दहा फुटी हाये सर. खोली नऊ फुटी धरा, फूटभर वळचणीला." माझा महिनाभराचा अभ्यास पत्र्याच्या मापानं एका मिनिटात निकालात काढला.

पाया मात्र त्यानं मनावर घेतला. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्या भरवशावर भिंत उभी केली की भिंतही तेच करते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं. साडेतीन फुटांवर मुरूम लागला. विळा लागला नाही. भेगेत गेला असेल अशी माझी वेडी आशा होती. हे महिकोचं गाव, 1964पासून इथं बियाणं तयार होतं; पण पेरलेला विळा उगवत नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं.

मग सळई आणली. जालन्यात सळई आणणं म्हणजे नागपुरात संत्री आणणं. इथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि गिरणीतून सळई होऊन बाहेर पडतं. त्या रात्री मला झोप लागेना. आमच्या गल्लीत भंगारवाला रोज येतो. बायको त्याला काय-काय देते, हे मी कधी विचारलेलं नाही. म्हणजे माझीच कुदळ आठ एमएमची होऊन, माझ्याच पैशानं, माझ्याच दारात परत आली असणं अगदीच अशक्य नव्हतं. सकाळी मी एकेक सळई निरखून पाहिली. मिस्त्री म्हणाला, "काहून सर, वळखीची हाये का?"

खोली झाली. जे-हूक आवळून पत्रे बसले. मे महिन्यात आत गेलो तर फवारणी पंप माझ्या आधी घामाघूम. तरी भिंतीवर हौसेनं प्रत्येक अवजाराची आकृती रंगवली, तिच्यावर खिळा ठोकला. टिकाव, घमेलं, फावडं जागेवर गेली. विळा, कुदळ आणि खुरपं यांच्या नुसत्याच आकृत्या राहिल्या, दिवंगतांच्या तसबिरींसारख्या. बायको म्हणाली, "हार घालू का?"

शेवटी कुलूप लावलं. पूर्वी एकेक वस्तू हरवायची. आता आठव्या दिवशी किल्ली हरवली आणि सगळी अवजारं एकदमच गेली. मिस्त्री फोनवर म्हणाला, "पान्ह्यानं दोन हूक ढिले करा, पत्रा सरकवा, झालं." पान्हा आत होता.

मेथीत तण गुडघ्याला लागलं, तेव्हा शेजारच्या अण्णांकडं गेलो. त्यांनी कोनाड्यातून लगेच खुरपं काढून दिलं. मूठ हाताला ओळखीची वाटली. उलटी करून पाहिली, तर तापल्या खिळ्यानं कोरलेली वडिलांची आद्याक्षरं.

मी तोंड उघडणार, तोच अण्णा म्हणाले, "न्या, पण सांजच्याला आणून द्या. तुमच्याकडं वस्तू टिकत नाहीत."