चिमूटभर सोडा

आमच्या स्वयंपाकघरात खायच्या सोड्याचा डबा फडताळात सगळ्यात मागे, हिंगाच्या डबीआड असतो. भज्यांत चिमूट, ढोकळ्यात पाव चमचा, एवढंच त्याचं कर्तृत्व. हात सैल सुटला तर भजी तेल पितात आणि मला बोलणी बसतात. सोड्यापायी याहून मोठी शिक्षा होते हे मला ठाऊक नव्हतं. अमेरिकेचा कायदा कळल्यापासून मात्र डबा दोन्ही हातांनी उचलतो.

कोकेनची पूड सोड्याबरोबर शिजवली की तिचे खडे होतात. त्यांना म्हणतात क्रॅक. द्रव्य तेच, फक्त पूड महाग, म्हणून बंगल्यांतल्या पार्ट्यांत. खडा सुटा आणि स्वस्त, म्हणून गरीब वस्तीच्या कोपऱ्यावर. जून 1986 मध्ये लेन बायस हा उमदा बास्केटबॉलपटू कोकेनने गेला. नोव्हेंबरात निवडणुका. तिथल्या काँग्रेसने (आपली नव्हे, त्यांची संसद) ऑक्टोबरात कायदा उरकला. पूड विकणाऱ्याकडे 500 ग्रॅम सापडली तर किमान पाच वर्षं. खडे विकणाऱ्याकडे 5 ग्रॅम सापडले तरी तीच पाच वर्षं. बायसने घेतली होती ती पूड, पण सुतकाच्या घाईत कोण विचारतो?

5 ग्रॅम म्हणजे चहात घालतो तो एक चमचा साखर. दोन वर्षांनी तर विकणं सोडा, एवढे खडे नुसते जवळ सापडले तरी पाच वर्षं आत, असं ठरलं. आमच्या सोड्याने भजी दुप्पट फुगतात; त्यांच्या सोड्याने शिक्षा शंभरपट फुगली.

आता कोणी म्हणेल, यात वर्णभेद कुठे आला? कायद्यात 'काळा' हा शब्द एकदाही नाही. सोडा तर पांढराशुभ्र! सर्वेक्षणांत क्रॅक घेणाऱ्यांत गोरे अधिक निघत, आणि संघीय न्यायालयांत क्रॅकपायी शिक्षा झालेल्या दर दहांतले आठ कृष्णवर्णीय. पोलिसांची गाडी कुठल्या गल्लीत वळते, हे कायद्यात लिहावं लागत नाही.

1995 साली सरकारच्याच शिक्षा आयोगाने सांगितलं, दोन्हींना एकच माप लावा. काँग्रेसने शिफारस फेटाळली, क्लिंटन यांनी त्यावर सही केली. शेवटी 2010 मध्ये ओबामांच्या सहीने अन्याय दूर झाला. म्हणजे शंभरपट होता, तो अठरापट झाला. भाजीवालीशी घासाघीस करताना आपणही असंच मध्ये कुठेतरी तोडतो. पण तिथे कोथिंबिरीची जुडी असते, माणसाचं आयुष्य नव्हे. आणि 2010 च्या आधी आत गेलेल्यांना या नव्या कायद्याचा लाभ मिळायला 2018 उजाडलं.

दरम्यान वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन गोऱ्या गावांत पोचलं. तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम आठवलं की व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार हवेत. बरोबरच आहे. फक्त हे आठवायला रोगी आपल्यातला असावा लागला.

2021 मध्ये प्रतिनिधिगृहाने दोन्ही मापं एक करणारं विधेयक 361 विरुद्ध 66 मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडलं. कायद्याच्या पुस्तकात अजून पुडीच्या 500 ग्रॅमला पाच वर्षं आहेत आणि खड्यांच्या 28 ग्रॅमलाही पाचच.