सुती टी-शर्टास अनावृत पत्र

सुती टी-शर्टा,

‘स. न. वि. वि.’ लिहिण्याइतका मान मी तुला देणार नाही. कॅनडात मिसिसागाच्या आइस हॉकी रिंकवर पहाटेच्या सामन्यांना तू माझ्या मुलाच्या शोल्डर पॅडखाली दडून बसतोस आणि पहिला पीरियड संपायच्या आत त्याला कुडकुडायला लावतोस. बर्फाला दोष देऊन तुला सुटता येणार नाही.

तुझी चोरी मला कळली आहे. आइस हॉकीत पोरं पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतात आणि मग बाकावर येऊन बसतात. खेळताना आलेला सगळा घाम तू पिऊन घेतोस. वर पॅड, त्यावर जर्सी, वारा कुठून लागणार? तू वाळतच नाहीस. पोर बाकावर टेकलं की ओल्या फडक्यासारखा त्याच्या पाठीला चिकटतोस. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणजे खेळून कमावलेली ऊब तू बसल्याजागी लुटतोस. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. घाम कापडाच्या वरच्या अंगाला पसरतो. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. तुला यातलं काही जमत नाही, तरी पहिला हक्क तुझाच!

नागपूरच्या मे महिन्यात घाम पिण्याचा तुझा हाच गुण जीव वाचवतो, हे मान्य. यवतमाळला कापूस पिकवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण ‘सुती घाल, अंगाला बरं’ म्हणत आजी इतक्या मायेनं तुला पार्सलमधून पाठवते आणि तू त्या मायेच्या आडून शिरतोस, याचा मला संताप येतो.

तुझे साथीदार सुती मोजेही तसलेच. थंडी म्हणून दोन जोड चढवले की स्केटमध्ये पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. पातळ, घाम न धरणारा एकच जोड पुरतो. नव्या पालकांना हे पटवताना माझा घसा बसतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडात शेफील्डच्या सामन्यात स्केटचं पातं मानेला लागून हॉकी खेळाडू अ‍ॅडम जॉन्सन गेला. त्या बातमीनंतर मी मुलाचा गळपट्टा रोज तपासते. आतल्या कपड्यांतही आता मनगटाला आणि पोटरीला सहज न कापणारे धागे विणलेले मिळतात. तू त्या कपड्यांची जागा अडवून बसतोस, आणि पातं आलं तर तुझ्या हातून काहीही होणार नाही.

तेव्हा हॉकीच्या बॅगेतून आजच बाहेर हो. सामना संपून, अंग पुसून पोरगा घरी निघाला की जॅकेटखाली कोरडा होऊन ये.

एका डिफेन्समनची आई