स्लॅश दाबला आणि य आला

लोणावळ्याहून सकाळच्या लोकलने मी कामशेतला उतरतो आणि एका भात व्यापाऱ्याचे हिशेब लिहितो. दिवाळीच्या सुमारास झोडणी उरकली की इंद्रायणीची पोती काट्यावर येऊ लागतात. शेतकऱ्याचं नाव आणि गाव मराठीत, वजन आकड्यात. पवनानगर, करंजगाव, नाणे ही नावं इंग्रजीत लिहिणं मला मान्य नाही. पावती ज्याची, त्याला ती वाचता आली पाहिजे.

माझी तक्रार स्लॅशच्या बटणाची आहे.

स्प्रेडशीटमध्ये स्लॅश दाबून मेनू उघडायची रीत १९७९च्या व्हिसिकॅल्कपासूनची. १९८३च्या लोटस १-२-३ने ती हिशेबनिसांच्या बोटांत मुरवली. मी वापरतो त्या प्रोग्राममध्ये ती अजून चालते. स्लॅश, एच, व्ही, व्ही दाबलं की कॉपी केलेल्या सूत्राऐवजी फक्त त्याचं उत्तर चिकटतं. माऊस शोधावा लागत नाही, नजर पावतीवरून हलत नाही.

पण नाव लिहून मी वजनाकडे वळतो तेव्हा कीबोर्ड इनस्क्रिप्टवरच असतो. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१च्या प्रमाणकातल्या या मांडणीत स्लॅशच्या जागी य आहे, एचच्या जागी प, व्हीच्या जागी न. मेनू उघडत नाही. सेलमध्ये ‘यपनन’ उमटतं, आणि खालचा बाण दाबला की आधीचं वजन पुसून तेच तिथे राहतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. बेरजेचं सूत्र अक्षरांचा सेल मुकाट्याने वगळतं. चुकीची खूण नाही, इशारा नाही, बेरीज तेवढी कमी येते. मागच्या हंगामात एका शेतकऱ्याचे सहा क्विंटल असे गळाले. तो काट्याकडे बोट दाखवत होता, मी स्क्रीनकडे. खरं तोच बोलत होता. रात्री एकेक पावती पडताळली तेव्हा ‘यपनन’ सापडलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली.

विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलून घ्या, असं सगळे सांगतात. मी बदलतो. एका पावतीला दोनदा, शंभर पावत्यांना दोनशेदा. त्यातली एक वेळ चुकली की कुणाचं तरी भात कमी भरतं. इंग्रजीत नावं लिहिणाऱ्याला ही दोनशे वेळांची पट्टी भरावी लागत नाही.

स्प्रेडशीट बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे: मेनूचं बटण त्याच्या जागेवरून ओळखा, त्यावरच्या अक्षरावरून नको. आणि कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये मराठी शिकवणाऱ्यांनो, बेरीज दाखवण्याआधी मुलांना आकड्यांचे सेल मोजायला शिकवा. पावत्या शंभर आणि आकडे नव्याण्णव निघाले, तर शेतकऱ्याला थांबवून ठेवा आणि आधी तो सेल शोधा.