रजेचे भांडवल

गोंदियाजवळील बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ विमाने दिवसभर चाके टेकवितात, न थांबता पुन्हा उठतात, आणि 200 तासांचे उड्डाण पदरी पडताच तेथील उमेदवार परवाना घेऊन धानाच्या या मुलखातून निघतो, तो थेट शासकीय दूरदृष्टीच्या हवाली होतो. या दूरदृष्टीची तारीफ करावी तितकी थोडीच! जुलै 2020 मध्ये तत्कालीन सरकारी मालकीच्या एअर इंडियाने कर्मचाऱ्यांस पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेवर धाडण्याची योजना मंजूर केली, तेव्हा अल्पमतींनी कुरकुर केली. परंतु 5 डिसेंबर 2025 रोजी, वैमानिकांअभावी इंडिगोची उड्डाणे शेकड्यांनी रद्द होत असता, साप्ताहिक विश्रांतीऐवजी रजा धरू नये हे कलमच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मागे घेतले, आणि त्या रजेचे मोल उमगले.

आता हिशेब सरळ आहे. आठवड्यास 48 तास विश्रांती धरली, तर पाच वर्षांच्या रजेत सुमारे साडेसतरा वर्षांचा विसावा आगाऊ वसूल होतो. सबब रजेवरून रुजू झालेल्या वैमानिकास तितकी वर्षे अखंड उडविण्यास हरकत नसावी, आणि सहवैमानिकाचे कप्तानपदास लागणारे 1500 तासही चुटकीसरशी भरावेत. तजवीज मंजूर होईलच. प्रवाशांस नम्र विनंती एवढीच, की विमान अंमळ कलल्यास घंटी वाजवू नये. कप्तानसाहेब 2020 ची शिल्लक झोप खर्ची घालीत असतील.