वकिलीची प्रतवारी

नामांकित विधी विद्यापीठांत प्रवेश देताना शालेय गुणांना किती वजन द्यावे आणि प्रवेश परीक्षेच्या गुणांना किती, हा प्रश्न जगभरच्या विद्वानांना सतावीत असला, तरी यवतमाळ जिल्ह्याला तो नवा वाटण्याचे कारण नाही, कारण प्रतवारी नावाचे शास्त्र या जिल्ह्याने कापूस खरेदी केंद्रावर पिढ्यानपिढ्या सोसलेले आहे. प्रतवारी म्हणजे मालाकडे पाहून, तो हाताळून आणि जमल्यास मोजून त्याला दर्जा चिकटवण्याची क्रिया होय. ती करणाऱ्यास ग्रेडर म्हणतात, आणि एकाधिकार खरेदी योजनेच्या दिवसांपासून आजच्या भारतीय कापूस महामंडळापर्यंत खरेदीदार बदलले तरी ग्रेडरच्या चेहऱ्यावरची नाखुशी बदललेली नाही. कापसात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात आणि १२ टक्क्यांपुढे गाडी परत, असा तेथील नियम आहे. हा नियम शेतकऱ्याला जाचक वाटत असला, तरी मोजायची वस्तू, मोजण्याचे यंत्र आणि मोजणीचा परिणाम या तिन्हींचा त्यात परस्परांशी काही संबंध असतो, एवढे मान्य करावेच लागते. विधी प्रवेशाची पद्धत या मागासलेल्या अवस्थेतून केव्हाच पुढे गेली आहे.

प्रथम शालेय गुणांचा विचार करणे सोयीचे, कारण तो लवकर संपतो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या, म्हणजे देशातील वकिलीचे आणि विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या, २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीत खुल्या प्रवर्गास किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुण लागतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, जिला क्लॅट म्हणतात आणि जी २००८ पासून घेतली जाते, तीही एवढ्यावरच समाधान मानते. याचा अर्थ असा की, अमरावती विभागीय मंडळाच्या परीक्षेत ४६ टक्के मिळवणारा विद्यार्थी आणि ९६ टक्के मिळवून गावाच्या फलकावर झळकलेला विद्यार्थी हे दोघे क्लॅटच्या दारात पूर्णतः समान ठरतात, आणि राज्यघटनेने दिलेले समतेचे वचन इतक्या काटेकोरपणे अन्यत्र क्वचितच पाळले गेले असेल.

दोन उमेदवारांना क्लॅटमध्ये समान गुण पडले तर काय करावे, याचा नियम तर अभ्यासकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. अशा वेळी प्रथम विधीविषयक विभागातील गुण पाहिले जातात. तेही समान असल्यास वयाने मोठा उमेदवार पुढे जातो. वयही जुळल्यास संगणकाद्वारे सोडत काढली जाते. बारावीचे गुण या उतरंडीत कोठेच येत नाहीत. दोन वर्षांच्या अभ्यासाने ठरू शकत नाही ते जन्मतारखेने ठरते आणि जन्मतारखेने ठरत नाही ते नशिबाने ठरते, असा हा क्रम असून, शाळेच्या मूल्यमापनाविषयी देशातील श्रेष्ठ विधिज्ञांचे मत यापेक्षा स्पष्ट शब्दांत मांडता आले नसते. (गुरुजींनी दाखल-खारीज पुस्तकात सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहिली, त्या पिढीचे कोणी आता परीक्षेस बसले, तर सोडतीचे यंत्र तापण्याचा धोका संभवतो, क्लॅटला वयाची कमाल मर्यादा नाही, ही बाबही येथे नोंदवणे इष्ट.)

राहता राहिली परीक्षा. पदवीपूर्व क्लॅटमध्ये पूर्वी २०० प्रश्न असत, पुढे ते १५० झाले आणि आता १२० आहेत. वेळ दोन तासांचा असतो, प्रत्येक चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जातो. इंग्रजी भाषा, चालू घडामोडींसह सामान्य ज्ञान, विधी तर्क, तार्किक विचार आणि संख्यात्मक कौशल्य असे तिचे पाच विभाग असून, बहुतेक प्रश्न सुमारे ४५० शब्दांपर्यंतच्या उताऱ्यांवर आधारलेले असतात. विधी तर्क म्हणजे कायद्याचे पाठांतर नव्हे, तर उताऱ्यात दिलेले तत्त्व नव्या प्रसंगास लागू करण्याची क्षमता होय, आणि ही कल्पना मुळात चांगली आहे, हे उपहासाच्या सदरातही नाकारता येत नाही. मार्गदर्शिकांच्या घोकंपट्टीवर उभ्या असलेल्या बारावीच्या परीक्षेपेक्षा ती निश्चितच वकिलीच्या जवळची आहे. अडचण एवढीच की, प्रश्नामागे एक मिनिट येते आणि त्या मिनिटातच उताराही वाचायचा असतो. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले आणि त्यातील काही पीडितांच्या वतीने औषध बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडमधील बासेल येथे दिवाणी दावा दाखल झाला. औषध विकले गेले एका देशात, कंपनीचे मुख्यालय दुसऱ्या देशात, मग दाद कोठे मागायची, हे ठरवून दावा उभा करण्यास जाणत्या वकिलांनाही तीन वर्षे लागली. हाच प्रसंग उताऱ्याच्या रूपाने आला, तर घाटंजीच्या विद्यार्थ्याने तो साठ सेकंदांत निकाली काढणे अपेक्षित आहे, आणि न जमल्यास पाव गुणाची कपात ठरलेली आहे.

परीक्षा फक्त इंग्रजीत होते. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या एका वाक्याचा विस्तार करणे आवश्यक आहे, कारण येथील बंजारा तांड्यांवर घरची बोली गोरमाटी असते, पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, ती कोलामी असते, झरी जामणीकडे तेलुगूही कानी पडते, शाळा मराठी असते, आणि या सर्व पायऱ्या चढून आलेल्या मुलाची कायद्याची समज तो इंग्रजी उतारा किती वेगाने वाचतो यावरून ठरवली जाते. हाच मुलगा पुढे वकील होऊन दारव्हा किंवा पांढरकवड्याच्या न्यायालयात उभा राहिला की, महाराष्ट्र शासनाच्या जुलै १९९८ च्या अधिसूचनेनुसार दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे त्याला कळते. तेथे त्याच्या हाती सातबारा पडतो. त्यात आजोबांचे नाव कंसात गेलेले असते, वारसांपैकी एका आत्याचे नाव फेरफारात आहे पण उताऱ्यावर उतरलेले नसते, ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचे जुने कर्ज अजून तसेच असते, आणि मोडी वळणाच्या अक्षरातली एक नोंद अशी असते की, ती ‘कूळ’ आहे की ‘कूप’ यावरच दोन घरांचे वीस वर्षांचे वैर अवलंबून असते. हा उतारा ४५० शब्दांहून पुष्कळच लहान असतो; परंतु तो लावता येणे हे कौशल्य देशातील कोणत्याही प्रवेश परीक्षेत मोजले जात नाही, बहुधा तो नेमका कसा लावावा याची उत्तरसूची कोणालाच बनवता येणार नाही म्हणून.

उत्तरसूचीचा विषय निघालाच आहे, तर १ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या परीक्षेचे उदाहरण द्यावे लागेल. उत्तरसूची म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनी बरोबर मानलेल्या पर्यायांची यादी. त्या वर्षीच्या यादीतील काही उत्तरे चुकीची असल्याचा आक्षेप घेऊन उमेदवार न्यायालयात गेले; दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी दोन प्रश्नांबाबत तो मान्य केला, मग अपिले झाली, ठिकठिकाणच्या याचिका दिल्लीस वर्ग झाल्या, खंडपीठाचा निकाल आला, आणि अखेरीस मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वादग्रस्त प्रश्नांचा एकेक करून निवाडा दिला व प्रश्न काढण्याच्या बेफिकीर पद्धतीबद्दल नाराजीही व्यक्त केली. अठरा वर्षांच्या मुलाने साठ सेकंदांत देणे अपेक्षित होते ते उत्तर निश्चित करण्यास देशाच्या न्यायसंस्थेला पाच महिने लागले. मात्र याकडे दोष म्हणून पाहणे योग्य होणार नाही. ज्या उमेदवारांनी प्रवेशापूर्वीच याचिका, अपील, हस्तांतरण आणि स्थगिती यांचा अनुभव घेतला, त्यांना पहिल्या वर्षाच्या अभ्यासातून काही सूट मिळावी, इतकेच सुचवता येईल. याआधी २०२० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने आपली वेगळी परीक्षा घेऊन पाहिली होती आणि ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. मुळात सामायिक परीक्षा जन्माला आली तीही न्यायालयात दाखल झालेल्या याचिकेच्या पोटी, तेव्हा घराण्याचा वारसा सुटलेला नाही.

परदेशात स्थिती बरी असावी, असा समज यवतमाळपासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी पालकांत आढळतो. अमेरिकेत विधी शिक्षण पदवीनंतर सुरू होते, आणि प्रवेशासाठी महाविद्यालयीन गुणांची सरासरी व १९४८ पासून चालत आलेली एलसॅट ही परीक्षा, असे दोन आकडे पाहिले जातात. शिवाय निबंध आणि शिफारसपत्रेही मागवतात. एलसॅटचे गुण १२० ते १८० या पट्टीवर दिले जातात, म्हणजे एकही उत्तर बरोबर न देणारा उमेदवारही १२० घेऊन बाहेर पडतो, आणि इतके औदार्य महाराष्ट्राच्या मंडळालाही अद्याप साधलेले नाही. तथापि तेथील खरी मौज वेगळीच आहे. विद्यालयांच्या क्रमवारीत प्रवेशित विद्यार्थ्यांच्या गुणांचा मध्यक, म्हणजे सर्वांना चढत्या क्रमाने उभे केल्यावर बरोबर मधल्याचे गुण, विचारात घेतला जातो. मध्यकाखालचा विद्यार्थी किती खाली आहे, याने मध्यकास फरक पडत नाही. त्यामुळे परीक्षेत उत्तम पण महाविद्यालयात सुमार, किंवा याच्या उलट, असा उमेदवार एका आकड्याने विद्यालयाचा मध्यक वर उचलतो आणि त्याचा दुसरा आकडा अलगद खाली दडवता येतो. थोडक्यात, गाडीतल्या कापसाची प्रत ठरवायला बसलेला ग्रेडर प्रत्यक्षात स्वतःच्या जिनिंगचीच प्रत वाढवीत असतो. येल आणि हार्वर्ड या विद्यालयांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा एका प्रसिद्ध क्रमवारीशी सहकार्य थांबवले, ते दोन्ही तिच्यात वरच्या जागा दीर्घकाळ उपभोगल्यानंतर.

जुनी इंग्रजी पद्धत त्या मानाने प्रांजळ होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, तशा लंडनच्या संस्थांत परीक्षांबरोबरच ठरावीक संख्येने भोजनास हजर राहण्याची अट असे. परीक्षार्थ्याला जेवू घालणारी ही बहुधा एकमेव विद्याशाखा असावी. आता परीक्षार्थी डबा घेऊन येतो.

तो डबा कोठून येतो, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. क्लॅट अलीकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते, आणि त्याच सुमारास जिल्ह्यात कापसाची वेचणी जोरात असते, मजूर मिळत नाहीत, घरातले शिकते हातही शेतात लागतात. सामान्य ज्ञानाचा विभाग प्रश्नपत्रिकेचा सुमारे चौथा हिस्सा व्यापतो, आणि वर्षभराच्या घडामोडींच्या पुस्तिका पाठ करवून घेणारे शिकवणी वर्ग नागपुरात आणि पुण्यात असतात. नागपूर यवतमाळहून सुमारे १५० किलोमीटरवर आहे. शकुंतला ही जुनी नॅरोगेज गाडी बंद पडली आहे, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरील रेल्वे फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली, तेव्हा उमेदवाराने एसटीचाच विचार करावा. एवढे करूनही पहिल्या खेपेस यश न आल्यास ‘ड्रॉप’ घेण्याची, म्हणजे एक वर्ष कोठेही प्रवेश न घेता पुन्हा तयारी करण्याची प्रथा आहे. शेतीत यालाच फरदड म्हणतात: हंगाम संपल्यावर कपाशी न उपटता तिला पुन्हा पाणी-खत देऊन आणखी एक वेचा काढणे. कृषी विभाग फरदड घेऊ नका असे दरवर्षी सांगतो, कारण तिच्यावर गुलाबी बोंडअळी पोसली जाते. ड्रॉपवर कोण पोसले जाते, याचे संशोधन मात्र शिकवणी वर्गांच्या जाहिरातींवरून सहज करता येईल.

या परीक्षा नव्हत्या तेव्हाही जिल्ह्यात वकील होत असत. वणीत १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यवतमाळात वकिली करीत, आणि १९३० मध्ये पुसद परिसरात जंगलातील गवत कापून त्यांनी वनकायदाच मोडला. वसंतराव नाईक पुसदला वकिली करता करता राजकारणात शिरले आणि १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले. या दोघांना संख्यात्मक कौशल्याच्या विभागात किती गुण पडले असते, असा प्रश्न विचारण्याची लेखकांत पद्धत आहे. परंतु तो निरर्थक आहे, कारण त्यांच्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांनी तो हिशेब प्रत्यक्षात करून पाहिलेला होता.

तेव्हा गुणांना किती वजन आणि परीक्षेला किती, या वादात येथील पालकांनी फार शक्ती खर्च करू नये. राष्ट्रीय पातळीवर बारावीला वजनच नाही, आणि परीक्षेचे वजन आहे ते मुख्यतः इंग्रजी वाचनाच्या वेगाचे व शिकवणीच्या पावतीचे आहे. क्लॅटचे शुल्क खुल्या प्रवर्गास ४००० आणि अनुसूचित जाती-जमातींस ३५०० रुपये आहे. वेचणीची मजुरी चुकती करून ते उरत असल्यास अर्ज अवश्य भरावा, कारण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राज्याच्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा दरवाजा तोच आहे. मात्र त्याच वेळी राज्याच्या सीईटीचा अर्जही विसरू नये: यवतमाळच्या अमोलकचंद विधी महाविद्यालयासारख्या महाविद्यालयांची वाट तिच्यातून जाते, तेथे चुकीच्या उत्तरास कपात नाही, आणि इंग्रजीचा विभाग सोडल्यास प्रश्न मराठीतही वाचायला मिळतात.