खर्जातला रविवार

सरकारी कचेरीत वजन ठेवल्याशिवाय कागद हलत नाही. माझ्या कानांचंही तसंच आहे. ज्या संगीतासाठी दणदणीत पैसे मोजलेले नाहीत, ते त्यांना ऐकूच येत नाही. म्हणून बिल एव्हान्सच्या जॅझ त्रयीची 'वॉल्ट्झ फॉर डेबी' फोनवर फुकट वाजत असताना मी तिचा 180 ग्रॅमी तबकड्यांचा नवा संच परदेशातून मागवला. कस्टमनं त्यावर आपलं वजन ठेवलं. बायकोला किंमत सांगताना मी एक शून्य गाळलं.

मूळ मैफल 25 जून 1961ची, रविवारची. न्यू यॉर्कमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात त्या दिवशी पाच बैठकी झाल्या, दोन दुपारी आणि तीन रात्री. पियानोवर एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशियन. यातला बास मागे बसून ठेका धरत नाही, पियानोच्या बोलण्यात बोलतो. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. वय 25.

ही सगळी माहिती मी एका रविवारी दोन मित्रांना ऐकवत होतो. लोणच्याची बरणी द्यायला आलेली बायकोची आत्याही तावडीत सापडली. आत्यानं चाळीस वर्षं पेटी शिकवली आहे. पण जॅझ म्हणजे वेगळी गोष्ट, म्हणून मी तिला जरा सोपं करून सांगत होतो.

"साधी एलपी मिनिटाला 33 आणि एक तृतीयांश फेरे घेते, ही घेते 45. सुईखालून खाच जितकी भरभर सरकेल, तितकी तेवढ्याच सुरांना जागा ऐसपैस. बारीकसारीक तपशील स्वच्छ उमटतात. म्हणून तर एका तबकडीचा ऐवज दोन तबकड्यांवर पसरलाय."

एवढं बोलून मी सुई टेकवली. पहिलंच गाणं 'माय फूलिश हार्ट'. 'फूलिश' कोण, ते यथावकाश कळलं.

पियानो रांजणात बसून वाजवल्यासारखा घुमला. बास सोफ्यातून थेट पोटात शिरला. "काय खोली आहे!" एक मित्र म्हणाला. "45ची कमाल," मी म्हणालो. या ध्वनिमुद्रणात क्लबातली कुजबुज आणि ग्लासांची किणकिण ऐकू येते, ही तर त्याची ख्याती. आमच्याकडे ग्लास पातेल्यांसारखे वाजत होते आणि कोणीतरी पिंपात तोंड घालून हसत होतं.

"तिथं बायका येत नसत का रे?" दुसऱ्या मित्रानं विचारलं.

"1961 साल ते! जॅझ क्लबात बायका कुठल्या?" मी एका वाक्यात अमेरिकेचं समाजशास्त्र उरकलं.

आत्या इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जावईबापू, वादकाला बरं नव्हतं का त्या दिवशी?"

मी क्षमाशील हसलो. आत्यानं भाचीला फोनवर तेच गाणं लावायला सांगितलं. फुकटचा एव्हान्स ताजातवाना निघाला. आत्यानं दोन्हीकडचा सूर गुणगुणून पाहिला. "ह्याचा सा तिथल्या मंद्र पंचमावर बसलाय. सा आणि मंद्र पंचमात पाऊणपटीचं नातं. आता 45चे पाऊण किती?"

मी पाढा म्हणायच्या आत बायको म्हणाली, "पावणेचौतीस. म्हणजे जवळजवळ तुझे ते 33."

माझ्या टर्नटेबलला वेगाचं बटण नाही. वरची थाळी उचलायची आणि रबरी पट्टा मोटरच्या चाकाच्या लहान खाचेतून मोठ्या खाचेवर चढवायचा, असं त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलं आहे. पुस्तिका अजून पिशवीत सीलबंद होती. मी थाळी उचलली, पट्टा बोटांतून उडाला आणि दिवाणाखाली गेला. 45 फेऱ्यांवर प्रवचन ऐकलेले दोन गृहस्थ झाडू घेऊन पालथे पडले. पट्टा मिळाला, पण माझ्या हातून तो काही चढेना. शेवटी आत्यानं एका बोटानं चढवला. "शिलाई मशीनचा जन्मभर चढवलाय," ती म्हणाली.

पुन्हा सुई टेकवली. तिघं वादक झोपेतून उठले. मोशियनचे ब्रश झांजेवर कुजबुजले, ग्लास ग्लासांसारखे किणकिणले आणि मागच्या टेबलावरून एक बाई खळखळून हसली. मित्र माझ्याकडे बघत म्हणाला, "1961 ना?"

पाहुणे गेल्यावरही जे कोणालाच सांगितलं नाही, ते इथं सांगतो. ही तबकडी त्या रविवारी पहिल्यांदा वाजत नव्हती. सहा आठवडे मी ती रोज रात्री एकटा ऐकत होतो, तशीच, 33वर. बासचा तो जड, दमलेला सूर ऐकून वाटायचं, या पोराला अकरा दिवसांनंतरचं आत्ताच कळलंय. दोनदा डोळेही पुसले होते. बरोबर वेगावर कळलं की पोरगा मजेत होता. त्याला कशाचीच कल्पना नव्हती. दुःख सगळं माझ्या पट्ट्याचं होतं.

आता पाहुण्यांसमोर पट्टा 45वर असतो. पण घरी कोणी नसलं की थाळी उचलून मी तो हळूच खाली सरकवतो. एवढे पैसे मोजल्यावर थोडं रडू यायला हवं. मागच्या टेबलावरची ती बाई मग तेवढी पुन्हा बुवा होते.