दहा पसंत्या, एक एस.टी.

आमच्याकडे कॉलेज निवडायचं म्हणजे आधी एस.टी. बघायची. फाट्यावरून सकाळी कुठली गाडी जाते, कॉलेज भरायच्या आत पोचवते का आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत परत आणते का, एवढं कळलं की पोरीची अकरावी ठरली. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट, त्यामुळे हिशेब आणखी सोपा. ओतूरकडच्यांनी अण्णासाहेब वाघिरे कॉलेजला जायचं, घोडेगावकडच्यांनी बी. डी. काळेला, मंचरच्यांनी रयतच्या अण्णासाहेब आवटेला, जुन्नरच्यांनी शिवछत्रपतीला, नारायणगावच्यांनी ग्रामोन्नतीला. सायन्स की कॉमर्स यावर घरात आठ दिवस भांडण चालेल, पण कॉलेज कुठलं यावर कुणी तोंड उघडत नसे. उघडायला दुसरं कॉलेज तर पाहिजे ना!

या सरळ व्यवहारात २०२५ साली सरकारनं दहा पसंत्या आणून ठेवल्या.

अकरावीचा ऑनलाइन प्रवेश तसा जुना आहे. मुंबईत २००९ पासून आहे, पुढे पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांत आला. आम्ही पुणे जिल्ह्यातलेच, पण महापालिकेच्या हद्दीबाहेरचे. फर्ग्युसनची यादी कितीवर थांबली, स. प.ची कितीवर, ही बातमी आम्ही दर जूनमध्ये चहाबरोबर वाचायचो आणि शहरातल्या आईबापांची मनापासून कीव करायचो. ‘पंच्याण्णव टक्के पडून पोरगं घरी बसलंय म्हणे,’ असं म्हणून पान उलटायचं आणि बाजारभाव बघायचे. मे २०२५ मध्ये हीच पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली आणि ती बातमी आमच्या ओसरीवर येऊन बसली.

आधीची पद्धत काय होती ते नव्या पोरांना सांगायला हवं. दाखला आणि गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॉलेजच्या खिडकीशी जायचं. खिडकीतले भाऊसाहेब चष्म्यावरून बघायचे आणि टक्के विचारायच्या आधी विचारायचे, ‘कुणाचा रे तू?’ अमक्याचा, असं सांगितलं की, ‘मग वडलांना घेऊन यायचं की! बस, बस.’ पाच मिनिटांत पावती हातात. गुणवत्ता यादीसुद्धा लागायची, नाही असं नाही. बोर्डावर चार पानं टाचलेली असायची आणि वारा आला की चौथं पान पहिल्यावर यायचं. पण यादीच्या आधी आणि यादीच्या नंतर ‘कुणाचा रे तू’ हा प्रश्न असायचाच. ज्याला त्याचं वजनदार उत्तर होतं त्याला ही पद्धत फार मायाळू वाटायची. अजूनही गावात तिची आठवण काढणारे बहुतेक त्याच घरांतले आहेत.

डोंगरातल्या आहुप्याकडून किंवा इंगळूणकडून आलेल्या पोराला त्या प्रश्नाचं उत्तर होतं, पण ते खिडकीत चालायचं नाही. बाप हिरडा वेचणारा, आवणाच्या दिवसांत चिखलात उभा. त्याला ‘वडलांना घेऊन ये’ म्हणायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोन वेळचं एस.टी.चं भाडं मागायचं. त्याला कुणी नाही म्हणत नसे. ‘उद्या ये’ म्हणत. मोठी सभ्य रीत होती ती. म्हणून ही खिडकी बंद झाल्याचं मला दुःख नाही. खिडकीच्या जागी जे आलं त्याची गंमत मात्र वेगळीच.

दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. नोंदणी २१ मेपासून असं ठरलं होतं. त्या दिवशी सकाळीच सगळं राज्य एकाच संकेतस्थळावर जाऊन उभं राहिलं आणि ते संकेतस्थळ बसलं. मग २६ मे ही नवी तारीख आली. मधल्या दिवसांत आमच्या वहिनी ओझरला जाऊन आल्या. अष्टविनायकांतले दोन गणपती आमच्या एकट्या जुन्नर तालुक्यात, त्यामुळे आमच्याकडे कुठलीही अडचण आधी लेण्याद्रीला किंवा ओझरला कळवली जाते आणि मग संबंधित खात्याला. विघ्नहरापुढे हात जोडून वहिनी म्हणाल्या, ‘देवा, सर्व्हर चालू कर.’ पुजाऱ्यांनी हा नवस पहिल्यांदाच ऐकला असेल असं मला वाटलं होतं. पण ते शांतपणे म्हणाले, सकाळपासून चौथा आहे.

अर्ज घरी मोबाइलवर भरता येतो असं अकरावीला जाणाऱ्या आमच्या पुतणीचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. पण शंभर रुपये फी भरून करायचं काम घरात बसून होतं यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही. म्हणून आम्ही स्टँडजवळच्या महा ई-सेवा केंद्रात गेलो. आत दोन कम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशिन, लॅमिनेशनचा वास आणि एकेका मुलामागे चार-चार माणसं. केंद्र चालवणारा पोरगा पंचविशीतला. कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलेली, तरी त्याची बोटं न बघता धावत होती. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा आणि अकरावी ही चारही कामं तो एकाच चेहऱ्यानं करत होता. अर्जाचे दोन भाग. पहिल्या भागात नाव, गाव, गुण, आरक्षण आणि दुसऱ्या भागात पसंत्या. पहिल्या भागात काही अडचण येणार नाही असं तो म्हणाला आणि तेवढ्यात ओटीपी आला.

ओटीपी गेला भावाच्या मोबाइलवर, आणि भाऊ गेला होता टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या मार्केटला. तिथं लिलाव चाललेला. चौथ्या वेळी फोन उचलला.

‘दादा, आत्ता एक मेसेज आलाय बघ. त्यातला नंबर सांग.’

‘कसला नंबर?’

‘ओटीपी रे.’

‘ओटीपी कुणाला सांगायचा नाही. परवाच बँकेच्या साहेबांनी सांगितलंय.’

‘अरे, मी बोलतोय. तुझा भाऊ.’

‘सगळे असंच म्हणतात,’ असं म्हणून दादानं फोन ठेवला. सायबर जागृतीचा इतका खणखणीत परिणाम मी दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही. शेवटी पुतणीनं स्वतः फोन करून, घरच्या म्हशीचं नाव सांगून ओळख पटवली.

मग आल्या पसंत्या. कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा भरायच्या. आम्ही म्हणालो एक भर, विषय संपला. केंद्रवाल्यानं स्क्रीनवरची नजर पहिल्यांदाच वळवून आमच्याकडे बघितलं. ‘एकच? रिस्क आहे, काका.’ रिस्क या शब्दाला आमच्या वहिनी फार घाबरतात. म्हणून उरलेल्या नऊ पसंत्या तिथल्या तिथं तयार कराव्या लागल्या. पहिली एस.टी.ची. दुसरी, पहिली गाडी चुकली तर मागून येणाऱ्या गाडीची. तिसरी शेजारच्या तालुक्यातली, कारण तिथं मामा. चौथी आणि पाचवी पिंपरी-चिंचवडची, कारण पिंपळे गुरवला मावशी आणि तिची एक खोली रिकामी. सहावी पुतणीच्या मैत्रिणीनं भरलेली. सातवीला मागे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ न राहवून म्हणाले, ‘अहो, फर्ग्युसन टाका की. मार्क आहेत पोरीला.’ त्यांची आमची ओळख नव्हती, पण त्यांचा उत्साह बघून ती टाकली. आठवी, नववी कशा आल्या ते आठवत नाही. दहावी पसंती केंद्रवाल्याच्या स्वतःच्या कॉलेजची. ‘चांगलं आहे, मी तिथंच होतो,’ तो म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्या त्या पुसलेल्या कीबोर्डकडे बघून मान डोलावली.

या दहांतल्या पहिल्या जागेला एक नियम चिकटलेला आहे, तो फार कमी लोकांनी नीट वाचला. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथं प्रवेश घ्यायलाच हवा. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर, मग थेट सर्वांसाठी खुल्या फेरीची वाट बघायची. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं मिळालं तर मात्र पुढच्या फेरीसाठी थांबता येतं. आता आमच्याकडे पहिल्या नंबरला काय लिहायचं याची एक सामाजिक बाजू आहे. ‘पोरानं पुण्यातलं मोठं कॉलेज भरलंय’ हे वाक्य चार ठिकाणी बोलता येतं. जायचं कुणाला असतं? आमच्या आळीत एका घरानं पहिल्याला असंच पुण्यातलं नाव टाकलं आणि पहिल्याच यादीत ते मिळालं. पेढे वाटून झाल्यावर नियम कळला. मग खोलीचं भाडं, मेसचे पैसे, गोठ्यात सकाळी धार कोण काढणार, असे सगळे प्रश्न एका रात्रीत उभे राहिले. पोरगा गेला शेवटी, आणि रमलाही. त्याची आई अजून सांगते, ‘आम्ही नव्हता पाठवला. कम्प्युटरनं नेला.’

केंद्रीय प्रवेश ही गोष्टच आम्हाला नवी, असं मात्र कुणी म्हणू नये. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. हे तमासगीर विठाबाईंचं गाव. लांबलांबच्या गावांची पंच मंडळी आपल्या जत्रेसाठी फड ठरवायला इथं येतात. प्रत्येक गावाची पहिली पसंती मोठ्या नावाच्या फडाला. पण चैत्री पौर्णिमेला जत्रा असलेली गावं ढीगभर आणि फड एका रात्री एकाच गावात उभा राहणार. म्हणून राहुटीत वही आणि कॅलेंडर घेऊन बसलेला माणूस विचारतो, तारीख कुठली आणि वर्गणी किती जमली. ज्याचं जमत नाही तो पुढच्या राहुटीत जातो, आणि संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळ्यांच्या सुपाऱ्या होतात. फरक एवढाच, की नकार देणारा माणूस समोर बसलेला असतो, चहा पाजतो आणि ‘पुढच्या वर्षी आधी या’ असं सांगतो. संकेतस्थळावर नुसती लाल ओळ येते.

खरी गंमत आकड्यांत आहे. त्या वर्षी राज्यात नियमित विद्यार्थ्यांपैकी १४ लाख ५५ हजारांवर मुलं दहावी पास झाली, ९४.१० टक्के. अकरावीच्या जागा होत्या वीस लाखांहून जास्त. म्हणजे डोळे मिटून वाटल्या असत्या तरी प्रत्येकाला खुर्ची मिळून वर लाखो उरल्या असत्या. तरी महिनाभर सगळं राज्य असं धास्तावलेलं, जणू दर तिसरं पोरगं रस्त्यावर येणार. जागा भरपूर असतात, पण मावशीची खोली जिथं आहे तिथं नसतात. यादी लावणाऱ्या यंत्राला गुण कळतात, आरक्षण कळतं, पसंतीचा क्रम कळतो. भीमाशंकरच्या बाजूनं पाऊस धरला की घाटाखालची गाडी दोन-दोन तास उशिरा येते, हे त्याला कळायला अर्जात रकानाच नाही.

आणि तिकडच्या मुलांसाठी तर अकरावी मिळून भागत नाही. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, वसतिगृहं आहेत. पण वसतिगृहाचा अर्ज वेगळा आणि त्याला आधी कॉलेजात प्रवेश घेतल्याचा कागद लागतो. यादी आठ दिवस पुढे गेली की वसतिगृहही पुढे जातं, आणि पोरगी तेवढे दिवस कुठं राहणार हे विचारायला खिडकीत भाऊसाहेबही नाहीत. डिंभे धरणाच्या वर गेलं की रेंज टेकडीवर मिळते. निकालाचा मेसेज बघायला मुलं छत्र्या घेऊन त्या टेकडीवर उभी राहतात. ‘कुणाचा रे तू’ हे त्यांना आता कुणी विचारत नाही, ही या पद्धतीची मोठी कमाई आहे, आणि ती मी कमी लेखणार नाही. पण खिडकीत बसणारा आपला माणूस गेला तसा टेकडीवर एखादा टॉवर आला असता तर हिशेब पुरा झाला असता.

पुतणीला पहिल्याच यादीत पहिली पसंती मिळाली, म्हणजे आम्ही न विचारताच ठरवलेलं कॉलेज. सकाळच्या त्याच एस.टी.नं ती जाते. मला तरी ही पद्धत राहावी असंच वाटतं, फक्त जिथं पंचवीस किलोमीटरच्या आत कॉलेजच दोन आहेत तिथं पोरांना नियम मराठीत एका पानावर छापून द्यावेत आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत अर्ज भरायला एक माणूस आणि एक चालू कम्प्युटर ठेवावा. त्याला सरकारी खर्च फार नाही.

तोवर ज्यांच्या घरी पुढच्या जूनमध्ये अकरावी आहे त्यांना एवढंच सांगणं. मोबाइल नंबर देताना दिवसभर घरी असणाऱ्या माणसाचा द्या, मार्केटला जाणाऱ्याचा नको. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पहिल्या नंबरला तेच कॉलेज टाका जिथं पोराला खरंच पाठवणार आहात. आणि ओझरला जरूर जा, पण अर्ज सबमिट करून पावती हातात आल्यावर जा.